दहा ते दोनची झोप आणि पोदेराचे घड्याळ

गोव्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रात्री 10 ते 2 एवढीच झोप खरी, नंतरची वाया. 1 ते 3 या वेळेत यकृत शुद्ध होते. आणि घोरणे म्हणजे गाढ झोप, ती लागत नसेल तर निजण्यापूर्वी घोटभर फेणी घ्यावी, असे तो सांगतो.

पहिल्या दाव्यामागे एक खरे निरीक्षण आहे. मंद मेंदूलहरींची गाढ झोप एकूण झोपेच्या पहिल्या तृतीयांशात जास्त असते आणि वाढीचे संप्रेरकही तेव्हाच भरपूर स्रवते. मात्र हा तृतीयांश डोळा लागल्यापासून मोजायचा असतो. आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, संध्याकाळी साडेसातला आडवा होतो, एकला उठून पीठ मळतो आणि सहाला सायकलचा भोंपू वाजवीत दारात येतो. त्याची सर्वांत गाढ झोप दहा वाजण्यापूर्वीच बरीचशी होऊन गेलेली असते. उलट, उशिरा निजणाऱ्याची पहाटेची झोप ‘वाया’ म्हणून तोडली, तर झोपेच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असणारी स्वप्नावस्थाच आधी हातची जाते.

शिवाय दहा म्हणजे कोणाचे दहा? भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, तर पणजी 74 अंशांच्या जरा अलीकडे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या सुमारास किंवा त्यानंतर, आणि अरुणाचलच्या पूर्व टोकाला त्याच्या सुमारे दीड तास आधी. मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या सुमारे वीस हजार चेतापेशी शरीराचे घड्याळ चालवतात, त्या डोळ्यांतून आलेल्या प्रकाशावर वेळ लावतात. बहुतेकांत त्यांचे चक्र 24 तासांहून किंचित लांब असल्याने ही दुरुस्ती रोज करावी लागते. वेळेला महत्त्व आहे ते या अर्थाने. मांडवी नदीतल्या कॅसिनोंवर पाळ्या बदलत काम करणारे सकाळी झोपतात, तेव्हा अंगाचे तापमान चढत असते, बाहेर ऊन असते आणि झोप लवकर मोडते. संदेशात त्यांच्याविषयी चकार शब्द नाही.

यकृताचे 1 ते 3 हे वेळापत्रक पारंपरिक चिनी वैद्यकातले. यकृतपेशींना स्वतःचे घड्याळ असते हे खरे, परंतु ते मुख्यतः जेवणाच्या वेळांवर चालते आणि यकृताचे शुद्धीकरण दिवसभर चालू असते.

तिसरा दावा मात्र थेट घातक आहे. फेणीने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते. शिवाय घशाचे स्नायू सैलावल्याने श्वासमार्ग अधिक सहज मिटतो. दहा किंवा अधिक सेकंद श्वास अडण्याचे प्रकार तासाला पाच किंवा त्याहून जास्त होऊ लागले, तर तो निद्रा-श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. माझ्या मामाच्या घोरण्याचे घरात वर्षानुवर्षे कौतुक होई आणि तो मात्र दुपारी हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) घास हातात धरून पेंगत असे. अखेर तपासणी झाली आणि हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे, 1981 पासून वापरात असलेले यंत्र घरी आले. मामा पहिल्या आठवड्यातच शांत झोपू लागला. झोप उडाली ती मामीची, कारण खोलीतली शांतता म्हणजे श्वास अडकला, हेच तिच्या कानांना सवयीचे झाले होते.