फोंडा ते पणजी, व्हाया मूत्राशय

पोटाच्या सोनोग्राफीला पोट रिकामं लागतं आणि मूत्राशय तुडुंब. म्हणजे बेंबीच्या वर एकादशी आणि खाली महापूर. हा नियम ज्याने काढला त्याला लिटरभर पाणी पाजून फोंडा-पणजी बसमध्ये उभं करायला हवं.

एरवी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, दारात येऊन भोंगा वाजवतो तरी मला पत्ता नसतो. त्या सकाळी तो वळणापलीकडे असतानाच मी ओळखला, आणि त्याच्या टोपलीत पोई पाव जास्त आहेत की उंडे पाव तेही. बसच्या खिडकीतून ‘प्लॉट विकणे आहे’ ही पाटी मी चक्क ‘प्लेट’ अशी वाचली. जुन्या गोव्यात बॉं जेझूची बासिलिका आली. गिलावा नसलेल्या त्या जांभ्या दगडासमोर लोक भक्तिभावाने उभे राहतात. मला खरपूस भाजलेला बिबिंका केक दिसला, थरांसकट.

मी एकटीच अशी हावरट नाही. १९४८ साली मॅक्लेलँड आणि ॲटकिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नौदलातल्या जवानांना पडद्यावरची अंधुक चित्रं ओळखायला सांगितली होती. पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. पण तासाभरापूर्वी जेवलेल्यांपेक्षा १६ तास उपाशी असलेल्यांना जेवणाशी संबंधित गोष्टी जास्त दिसल्या. त्यातही वाढ झाली ती पदार्थांची नाही, ताट-चमच्यांसारख्या वस्तूंची. बिचाऱ्यांची पंगत मांडून झाली होती, वाढपी तेवढा येत नव्हता.

पुढे २०१० मधल्या एका प्रयोगात खारं खाऊन तहानलेल्यांना समोरची पाण्याची बाटली जवळ वाटली. मला पाणी जवळ वाटायचा प्रश्नच नव्हता, ते खिडकीला लागूनच होतं. बस रायबंदरच्या बांधावर आली होती. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, मध्ये सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी घातलेला हा जेमतेम तीन किलोमीटरचा रस्ता. त्या दिवशी तो थेट लिस्बनपर्यंत गेला. घामेजलेला माझा चेहरा पाहून शेजारच्या आजींनी मायेने बाटली पुढे केली, “उदक पी गो बाये, मातशें.”

काही शास्त्रज्ञ म्हणतात, डोळ्यांना दिसायचं तेच दिसतं, बदलतो तो आपला अंदाज. असेलही. वादाची पुढची बैठक बांधावर, चालत्या बसमध्ये घ्यावी.

पणजीत पाटोला उतरले तर प्रत्येक निळं दार मला शौचालयाचं. एक निघालं विजेच्या खोलीचं, दुसरं झेरॉक्सवाल्याचं. आत जायची परवानगी नव्हतीच, पण डोळ्यांना कोण समजावणार!

सेंटरवरच्या मुलीने पोटावर यंत्र फिरवलं आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, “मॅडम, अजून नीट भरलेलं नाही. दोन ग्लास पाणी प्या आणि बाहेर बसा.”

बाहेर बसले. समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत दूधसागरचा फोटो होता. ऐन पावसाळ्यातला.