‘शहर त्यांचं, गाव आपलं’ : मग पनवेल कोणाचं?

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॅपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: शहर त्यांचं (म्हणजे महायुतीचं), गाव आपलं. महाराष्ट्राची सत्ता गावात ठरते, कारण शहरी माणूस मतदानाच्या दिवशी घरात तरी बसतो नाहीतर लोणावळा गाठतो. उपनगरं म्हणजे शहरच. गावाला शेतमालाच्या भावाबद्दल बोला, शहराला मेट्रो दाखवा. आणि गावात सभा घ्या, शहरात मोबाइलवर जा. वाचायला झकास. कार्यकर्त्यांनी यावर विश्वास ठेवून काम वाटून घेतलं, तर मात्र कठीण आहे.

‘शहरी माणूस मत देत नाही.’ आकडे वरवर याच बाजूचे दिसतात. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला राज्यात 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. कोल्हापूरच्या करवीरमध्ये ते 84 टक्क्यांवर गेलं आणि कुलाब्यात 45 सुद्धा गाठलं नाही. पण आमदार दोन्हीकडून एकेकच येतो. मुंबईच्या 36 आणि ठाणे-पालघरच्या 24 जागा मिळून 60 होतात. मराठवाड्यात 46 आहेत, अख्ख्या विदर्भात 62. या साठ जागा लोणावळ्याला गेल्या म्हणून कोणी सोडून देणार आहे का? उलट जिथे निम्मे लोक बाहेर पडत नाहीत, तिथे सोसायटीतली पाच-दहा घरं बाहेर काढणारा बूथप्रमुख जास्त मोलाचा. 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला, हे विसरून चालणार नाही.

‘उपनगर म्हणजे शहरच.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. जुन्या ठाणे जिल्ह्यात विधानसभेच्या 13 जागा होत्या, 2009 पासून 24 झाल्या. लोकसंख्या सरकली तशा जागाही सरकल्या, आणि मतदारसंघांची पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाल्यामुळे त्यानंतर आलेली माणसं त्यात धरलेलीच नाहीत. म्हणून 2024 मध्ये वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास मतदार होते आणि पनवेलमध्ये साडेसहा लाख. चिंचवडही त्याच मापाचं. तीन वडाळ्यांएवढ्या मतदारांना एकच आमदार, मग त्यांच्या दारापर्यंत पोचायला माणसंही तिप्पट लागणार.

शिवाय इथलं राजकारण शहराची नक्कल नाही. वसई-विरार पट्ट्यात बहुजन विकास आघाडी या स्थानिक पक्षाने 2019 मध्ये तीन आमदार निवडून आणले होते, तेही पाणी आणि पालिकेतल्या कामांच्या जोरावर. 2024 मध्ये तिन्ही जागा गेल्या. या उलथापालथीचा अंदाज दादरच्या कार्यालयात बसून येत नाही.

आणि उपनगरातला मतदार नेमका कुठला, हाही प्रश्नच आहे. नवी मुंबईच्या बाजार समितीतले माथाडी कामगार बहुतेक सातारा-सांगलीकडचे. कित्येकांची नावं आजही गावच्या यादीत. 2014 च्या लोकसभेला साताऱ्यात 17 एप्रिलला मतदान होतं आणि मुंबई-ठाण्यात 24 ला. आधी गावी मत द्या, मग शाई पुसून इकडे, असं शरद पवार माथाडींच्या मेळाव्यात बोलून गेले. गदारोळ झाल्यावर ती गंमत होती असा खुलासा आला. गंमत असो वा नसो, समोरच्या माणसाला दोन गावं आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता या मतदाराला शहरी धरायचं की ग्रामीण? निवडणूक आली की मुंबईहून कोकणात आणि घाटावर गाड्या का सुटतात, हे ‘गावात ठरते’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं.

‘गावाला भाव, शहराला मेट्रो.’ नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी लोकसभा मतदारसंघ पाहा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे 2024 मध्ये उघडली ती टनाला 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्क लावून. लासलगावच्या या पट्ट्यात भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लोकसभेला लाखाहून जास्त मतांनी पडल्या. इथपर्यंत सल्ला बरोबर वाटतो. पण सहा महिन्यांतच त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात किमान दर हटला, शुल्क निम्मं झालं, आणि लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याचे 1,500 रुपये येऊ लागले. मराठवाड्यात तर सोयाबीन क्विंटलला 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात असताना महायुतीने 46 पैकी 40 जागा नेल्या. लोकसभेला तिथल्या आठांपैकी तिला एकच मिळाली होती. हे सगळं एका योजनेच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही, जातींची जुळवाजुळवही मोठी होती. पण ‘गाव म्हणजे शेतमालाचा भाव’ एवढं त्यातून नक्कीच निघत नाही. आणि योजनेची अट होती अडीच लाखांच्या आतल्या कौटुंबिक उत्पन्नाची, सातबाऱ्याची नव्हे. अर्ज धारावीतूनही भरले गेले.

गंमत म्हणजे लोकसभेला मुंबईतल्या सहापैकी चार जागा महाविकास आघाडीकडे गेल्या होत्या. ‘शहर त्यांचं’ हे तेव्हाही खरं नव्हतं.

राहिला मोबाइल. त्यावर फार बोलायची गरज नाही. तो आता बांधावरही तितकाच चालतो. सभेऐवजी मोबाइलवर शहर जिंकता येतं असं वाटणाऱ्यांनी पुण्यातली कसबा पेठ पाहावी. भाजपने ती जवळपास तीन दशकं राखली होती. फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी ती घेतली, नोव्हेंबर 2024 मध्ये हेमंत रासनेंनी 19 हजारांहून जास्त मतांनी परत आणली. दोघंही तिथलेच माजी नगरसेवक.