रग्बीतला उपरा ओळखण्याचं शास्त्र

परवा आयर्लंडचा एक सामना बघत होतो. शेजारी बसलेल्या सद्गृहस्थांनी ऐंशी मिनिटं एकच पालुपद लावलं होतं: ‘हा कसला आयरिश? भाडोत्री सगळे!’ ट्राय कोणी केला, स्क्रम का कोसळला, कशाचं सोयरसुतक नाही. त्यांचा व्यासंग बघून मी दिपून गेलो. तुम्हालाही असंच जाणकार व्हायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात नावापासून करावी. आयर्लंडच्या संघातले बंडी आकी आणि जेमिसन गिब्सन-पार्क, दोघंही न्यूझीलंडमध्ये जन्मले, दोघंही आयर्लंडमध्ये राहून वास्तव्याच्या नियमाने तिथले झाले. आमच्या शेजाऱ्यांची बोंब मात्र फक्त आकीच्या नावाने. दुसऱ्याचं नाव कसं घरचं वाटतं! याच न्यायाने न्यूझीलंडच्या संघातलं सामोआ, टोंगा, फिजी अशा पॅसिफिक बेटांवरचं प्रत्येक नाव ‘पळवून आणलेलं’ समजावं. जोना लोमू ऑकलंडला जन्मला आणि आर्डी सविया वेलिंग्टनला, असं कोणी म्हणालं तर विषय बदलावा.

राष्ट्रगीत चालू असताना खेळाडूचे ओठ हलतात का ते बघावं. आपल्याला दुसरं कडवं येत नसलं तरी चालतं.

आजी जपावी. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण त्या देशात जन्मलेला असला की त्या देशाकडून खेळायचं काम भागतं. फक्त जन्मदाखला आधी बघून घ्या. डेव्हिड हिल्टन स्कॉटलंडसाठी वर्षानुवर्षं प्रॉपच्या, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतल्या, जागी घाम गाळून मोकळा झाला, आणि 2000 साली कळलं की त्याचे आजोबा एडिंबराचे नव्हे, ब्रिस्टलचे!

कागदपत्रं तपासण्याचा कंटाळा असेल तर स्पेनला विचारा. अपात्र खेळाडू उतरवल्याच्या भानगडीत त्यांचे 2019 आणि 2023 असे सलग दोन विश्वचषक हातचे गेले.

आजीही नसेल तर तिथे घर भाड्याने घेऊन राहावं. पूर्वी तीन वर्षं पुरायची, आता सलग 60 महिने लागतात. परदेशातली तरुण पोरं हेरून आणायची आणि महिने मोजत बसायचं, याला तिकडे ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. उड्डाणपुलाला म्हणावं तसं.

पण खरा आक्रोश राखून ठेवावा तो 2022 पासून लागू झालेल्या नियमासाठी. त्याआधी एकदा एका देशाच्या मुख्य संघात खेळलात की संपलं, जन्मभर तिथलेच. आता तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळता काढली आणि जन्म किंवा रक्ताचं नातं दुसऱ्या देशाशी असलं, तर एकदाच, फक्त एकदाच, तिकडे जाता येतं. शेजारी म्हणाले, ‘म्हणजे पक्षांतराची सोयच की!’ पक्षांतर? चार्ल्स पियुताऊ न्यूझीलंडकडून शेवटचा खेळला 2015 मध्ये. टोंगाची जर्सी अंगावर चढायला 2022 उजाडलं. ऐन उमेदीची वर्षं अशीच गेली; न्यूझीलंडला तो नको होता आणि टोंगाला देता येत नव्हता. स्वतःला नको असलेला माणूस दुसऱ्यालाही मिळू द्यायचा नाही, हा कुठला देशाभिमान? न्यूझीलंडने इतकी वर्षं सामोआच्या रक्ताचे एकाहून एक खेळाडू वापरले, पण त्यांचा संघ सामोआत पहिली कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, खेळायला गेला कधी? 2015 मध्ये. 2017 साली सामोआ इंग्लंडच्या ट्विकेनहॅम मैदानावर खेळला तेव्हा त्यांच्या युनियनची, म्हणजे रग्बी संघटनेची, तिजोरी रिकामी असल्याचं जाहीर झालं होतं. तिकिटांचा गल्ला यजमानांचा, हा रिवाज. इंग्लंडच्या युनियनने मोठ्या मनाने 75,000 पौंड दिले. आणि नियम करणाऱ्या जागतिक परिषदेत जुन्या श्रीमंत युनियनांना प्रत्येकी तीन मतं, तर फिजी आणि सामोआला अगदी 2018 पर्यंत स्वतःचं एकसुद्धा नव्हतं!

बास झाला उपरोध. अहो, तुम्हाला देशाभिमानाचं एवढं वेड असेल तर गल्ला कुणाच्या खिशात जातो ते विचारा, मतं कुणाकडे आहेत ते विचारा. तिथे तोंडाला कुलूप, आणि बसल्या जागेवरून एका विंगरच्या आजीची चौकशी! टोंगातलं पोरगं शाळेच्या शिष्यवृत्तीवर परक्या मुलखात जातं ते कुणाशी गद्दारी करायला जात नाही. मागे घर असतं, त्या घराला पैसे पाठवायचे असतात. मोडक्या गुडघ्यांवर दहा वर्षं खेळून तो ते पाठवतो. त्याला भाडोत्री म्हणायला जीभ रेटते कशी तुमची?