आधी गटारं उपसा, मग राजधानीला रस्ता न्या

पापुआ न्यू गिनीचा नकाशा एकदा उघडून बघा. राजधानी पोर्ट मोर्सबी खाली दक्षिण किनाऱ्यावर, मालवाहतुकीचं सगळ्यात मोठं बंदर लाए वर हुऑन आखातावर. मध्ये ओवेन स्टॅनली पर्वतरांग, तिचं सर्वात उंच शिखर चार हजार मीटरच्या वर. या दोन शहरांना जोडणारा रस्ता मुळात नाहीच. २०२५ मध्ये स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली, तरी राजधानीतून गाडी काढून लाएला येता येत नाही. विमानानं या, नाहीतर बोटीनं. चालायची हौस असेल तर कोकोडाची ९६ किलोमीटरची पायवाट आहे, तीही डोंगर ओलांडून कोकोडा गावाशीच संपते.

त्यामुळे 'मोर्सबी-लाए रस्ता' म्हटलं की इथल्या माणसाचा ऊर भरून येतो. २०२० मध्ये सरकारनं 'कनेक्ट पीएनजी' नावाचा वीस वर्षांचा रस्तेबांधणीचा कार्यक्रम काढला, तेव्हापासून या स्वप्नाला आणखी बळ आलंय. मी लाएत मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. हा रस्ता झाला तर माझा फायदाच आहे. तरी माझं मत विरोधात आहे. निदान आत्ता तरी.

कारण जो रस्ता आहे त्याची दशा बघा. लाएहून निघालेला हायलँड्स हायवे (कागदोपत्री ओकुक हायवे) आधी मार्कहॅमच्या सपाट खोऱ्यातून सरळ जातो. वाटाराइसला मदांगचा फाटा लागतो, मग कासम घाट. तिथून काइनांतू, गोरोका, मग जवळपास अडीच हजार मीटरवरची दाऊलो खिंड, कुंडियावा आणि माउंट हागेन. देशातली सुमारे ४० टक्के वस्ती या डोंगराळ प्रांतांत आहे. वर तांदूळ, डबाबंद मासे, डिझेल जातं, खाली कॉफी आणि भाजी येते. सगळं याच एका रस्त्यानं. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाला कितीही शिव्या घाला, पलीकडे कोल्हापूरचा रस्ता आहे, कोकण रेल्वे आहे. इथे देशभरात प्रवासी रेल्वे नाही आणि हागेनला जायला दुसरा पक्का रस्ताही नाही.

हा रस्ता बिघडतो तो पाण्यानं. डोंगराची माती चिकण आणि भुसभुशीत, पाऊस अफाट. कडेच्या गटारात गवत माजतं, मोरीत ओंडका अडकतो, की पाणी थेट डांबरावर. आधी कडा खचते, मग त्यावरून भरलेले ट्रक आणि टँकर जातात, आणि एक दिवस अर्धा रस्ता खाली दरीत. कुंडियावाच्या आसपास, सिंबू प्रांताच्या पट्ट्यात हे वारंवार होतं. ज्या मोरीला दोन माणसं आणि फावडी पुरली असती, तिथे मग जेसीबी, खडी, ठेकेदार आणि पुढाऱ्यांचे फोटो. २०१८ च्या भूकंपानं हेला आणि सदर्न हायलँड्स या प्रांतांतले रस्ते गाडले, ते निसर्गाचं. त्याला कोण काय करणार? मोरी तुंबणं मात्र निसर्गाचं नाही.

दरड पडली की सगळ्यात आधी मरण पीएमव्हीवाल्यांचं. पीएमव्ही म्हणजे इथली खाजगी प्रवासी गाडी, बहुतेकदा जुनी पंचवीस सीटची कोस्टर. दारात लटकलेला बॉसक्रू, म्हणजे कंडक्टर, गावांची नावं ओरडतो, आत सुपारी चघळणारी माणसं, पायाशी कोबी-बटाट्याची पोती. गाडी अडकली की बायका पोती उतरवून चिखलातून पलीकडच्या गाडीत नेतात. दोन्हीकडे वेगळं भाडं. पोती उचलून देणारी पोरंही पैसे मागतात. कोबी पिवळा पडायला लागतो तो इथेच, लाएच्या बाजारात नाही. 'रोट बागाराप' (इथल्या टोक पिसिन भाषेत 'रस्ता बिघडलाय') म्हणायचं आणि पुढे जायचं.

हे राजधानीला का कळत नाही? कारण राजधानी या रस्त्यावर नाही! मंत्री असो की सचिव, विमानानं हागेनला उतरतो, भाषण करतो, परत. ही सवय जुनी आहे म्हणा. १९३० च्या दशकात बुलोलो खोऱ्यातल्या सोन्यासाठी गाळ उपसणारी अजस्र यंत्रं सुटे भाग करून लाएहून विमानांनी नेली होती, रस्ता नव्हता म्हणून. कौतुकाचीच गोष्ट. पण 'विमान आहे ना' ही वृत्ती तिथपासून मुरलेली.

आता म्हणाल, जमीनमालक काम करू देत नाहीत. इथली बहुतांश जमीन एकेका भावकीच्या परंपरागत मालकीची आहे आणि नुकसानभरपाईवरून रस्ते अडवले जातात, खरं आहे. माझेही ट्रक थांबलेत, चडफडत बसलोय. पण त्यांचंही ऐका. हायवेचं सगळं पाणी एका मोरीतून कुणाच्या तरी रताळ्याच्या वाफ्यात सोडलं जातं, तिथे घळ पडते, आणि घळ वर चढत चढत रस्त्यापर्यंत येते. त्या माणसानं ओरडू नये?

म्हणून म्हणतो, रस्त्याकडेच्या गावांनाच त्यांच्या हद्दीतल्या गटारांचं आणि मोऱ्यांचं वर्षभराचं काम द्या. दर महिन्याला मोजून पैसे, मोरी तुंबली तर पैसे बंद. पैसे खातील म्हणता? खातील थोडे. आज दरड पडल्यावर रातोरात जे ठेके निघतात त्यात कोण किती खातं, ते एकदा लाएच्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा.