ड्रॉइंगमध्ये न दिसणारा हात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्स्फूर्त नाट्यखेळांनी, म्हणजे संवाद आधी न लिहिता ऐनवेळी रचत खेळायच्या खेळांनी, कामावरचे अडलेले प्रश्न सोडवायला मदत होते, असं मी लिहिलं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: हा पोरखेळ आहे, 'हो, आणि...' हा या खेळांचा नियम (समोरच्याचं वाक्य उचलून त्यात भर घालायची) म्हणजे साहेबांच्या होला हो, आणि लाजऱ्या माणसाला चारचौघांत उभं करणं हा छळ आहे.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्याला खेळायचं नाही त्याने बसून बघावं, आणि त्याची नोंद अप्रेझलपर्यंत जाता कामा नये. साहेब खुर्चीत आणि हाताखालची माणसं खेळात, अशी मांडणी असेल तर मी सत्र घेत नाही. साहेबांनी खेळायचं, नाहीतर बाहेर थांबायचं.

पोरखेळ म्हणालात, तर हे खेळ खरोखरच पोरांसाठी निघाले. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन शिकागोत खेळांतून शिकवणाऱ्या नेव्हा बॉइड यांच्याकडे शिकल्या आणि १९३९ ते १९४१ या काळात सरकारी करमणूक प्रकल्पात नाट्यविभाग सांभाळत होत्या. समोर स्थलांतरितांची मुलं, घरोघरी वेगळी भाषा. भाषणं देऊन तिथे नाटक उभं राहिलं नसतं, म्हणून त्यांनी खेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड सिटी' या उत्स्फूर्त विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. याच संस्थेने पुढे कंपन्यांसाठीही वर्ग घेतले.

आता 'होला हो'. हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर उभं राहतं. राक्षस आणि राजा एकमेकांना जराही मान्य करत नाहीत, तरी राक्षसाने टाकलेलं वाक्य राजाला उचलावंच लागतं. ते ऐकलंच नाही असं दाखवून तो पाठ केलेलं काही बोलू लागला, तर प्रवेश तिथेच पडतो. 'हो, आणि...'चा नियमही एवढाच आहे: समोरच्याने मांडलेली परिस्थिती खरी धरा, मग हवं तेवढं भांडा.

मीटिंगमध्ये आपण नेमकं उलटं करतो. एका कारखान्यातल्या सत्रात फिटर आणि डिझाइनवाले एकत्र होते. फिटरचं जुनं म्हणणं होतं की एका बोल्टला पाना लागत नाही. डिझाइनचं उत्तर ठरलेलं: ड्रॉइंगमध्ये तर लागतो. आम्ही स्पोलिन यांचा निरर्थक भाषेचा खेळ घेतला. एकाने अर्थ नसलेल्या आवाजांत बोलायचं, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा. शब्दच काढून घेतल्यावर फिटरला सगळं अंगाने दाखवावं लागलं: खांदा आत घालून, मनगट उलटं वळवून. अर्थ सांगणारा डिझायनर मध्येच थांबला. ड्रॉइंगमध्ये पान्याला जागा होती, तो धरणाऱ्या हाताला नव्हती. पुढचा उपाय त्यांनी नेहमीच्या पद्धतीने, आकडेमोड करूनच काढला. खेळाने उपाय दिला नाही, प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला. माझा दावा तेवढाच आहे, आणि तो मला मोठा वाटतो.

पुराव्याबद्दलही तुम्ही विचारलंत. फेल्समन आणि सहकारी या संशोधकांच्या २०२० मधल्या प्रयोगात फक्त २० मिनिटांच्या अशा खेळानंतर लोकांना जास्त वेगवेगळ्या कल्पना सुचल्या आणि अनिश्चितता सहन करण्याची तयारीही वाढलेली दिसली. पण चाचणीत सुचलेली कल्पना म्हणजे कारखान्यात सुटलेला प्रश्न नव्हे. म्हणून खेळ संपला की त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर खरा अडलेला प्रश्न लगेच ठेवावा. वर्षातून एकदा रिसॉर्टवर नेऊन खेळवलं आणि सोमवारी विसरलं, तर तुमची टीका योग्यच आहे.

तुम्ही प्रॉडक्शनमध्ये आहात असं लिहिलंय. शिफ्ट बदलताना तुमच्याकडे निरोप कसा देतात? तिथे एक गोष्ट करून बघता येईल. येणाऱ्याने आधी जाणाऱ्याचं शेवटचं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि मगच प्रश्न विचारायचा. कुणाला पुढे येऊन अभिनय करावा लागत नाही, वेळही फारसा जात नाही. करून बघितलंत तर काय झालं ते इथेच लिहा, जमलं नाही तरी लिहा.