दुकान मासेमारीचं आणि गळाचाच पत्ता नाही

चौदा नंबरचा गळ हवा होता. बस, एवढंच. थंड पाण्याच्या उथळ ओढ्यात ट्राउट मासे पकडणाऱ्या कुणालाही विचारा, ही काही दुर्मीळ वस्तू नाही. गळाचा नंबर वाढतो तसा गळ बारीक होत जातो, आणि नितळ पाण्यातल्या बुजऱ्या माशाला बारीकच गळ लागतो. पण अमेरिकेतल्या एका बड्या आउटडोअर साखळीच्या नव्याकोऱ्या दुकानात त्या खुंटीवर नुसतं लेबल लटकत होतं. शेजारची सोळा नंबरची खुंटी रिकामी, त्याच्या शेजारचीही रिकामी. आणि आत शिरल्याबरोबर काय? सिमेंटचा डोंगर, डोंगरावरून कोसळणारा धबधबा, पेंढा भरलेली अस्वलं, हरणं, काचेच्या टाकीत फिरणारे हातभर लांबीचे मासे. पुढे मेणबत्त्या, उशा, सोफे, टोप्या, चहाचे मग, लहान मुलांचे पायजमे. गळ सोडून सगळं.

बरं, मासेमारीचा विभाग लहान आहे म्हणावं तर तसंही नाही. भिंतीच्या भिंती भरल्यात. रबरी बेडूक, प्लास्टिकच्या अळ्या, चमकणारी खोटी मासळी, एकेका अळीचे वीस-वीस रंग. यातलं नव्वद टक्के सामान लार्जमाउथ बाससाठीचं. हा मासा कोमट, शेवाळलेल्या, झाडांचे बुंधे बुडालेल्या तलावांत राहतो. ज्या भागात ही साखळी वाढली तिथे तो भरपूर आहे, मान्य. म्हणून हजार मैलांवरच्या ओढ्याकाठी दुकान थाटताना तोच माल उतरवायचा? कुठल्या खुंटीवर काय लटकवायचं याचा नकाशा मुख्यालयात तयार होतो आणि प्रत्येक शाखेत तोच डकवला जातो, दाराबाहेर कुठलं पाणी आहे हे कोणी बघत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळच्या शाखेत तर याहून संताप येतो. लाटांपलीकडे आमिष फेकायला दहा-बारा फुटी रॉड लागतो, वाळूत रुतून बसणारं तिकोनी वजन लागतं. मिळतात मात्र तलावातल्या बोटीत बसून वापरायचे सहा-सात फुटी रॉड. तेही रांगेने उभे, सगळे साखळीच्या स्वतःच्याच ब्रँडचे.

विचारायला जावं तर ठरलेलं उत्तर, "ऑनलाइन मागवा." अहो, ऑनलाइनच मागवायचं होतं तर एवढं अंतर तुडवत इथे कशाला आलो असतो? पहाटे पाण्यावर जायचंय, गळ आज हवाय. दुकानाचं कामच ते आहे ना, की माणसाला वस्तू हातात मिळावी?

काउंटरवरच्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना सकाळी तंबूंच्या विभागात उभं करतात, दुपारी बुटांच्या. ज्याला कधी पाण्याकाठी नेलंच नाही त्याने काय सांगावं? राग आहे तो त्यांना असं उभं करणाऱ्यांवर. गेल्या मोसमात रीळ नवीन तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, भरायला दिलं होतं. स्पिनिंग रिळात तंगूस कुठल्या दिशेने चढतो यावर सगळं असतं. दुकानातल्या मोठ्या चाकावरून तो ज्या दिशेने सुटतो त्याच दिशेने रिळावरची दोरा गुंडाळणारी तार फिरायला हवी, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसत जातो. आणि काठाच्या किंचित खाली थांबायचं, काठोकाठ भरायचं नाही. मला परत मिळालेलं रीळ काठाच्याही वर फुगलेलं होतं, पिळाचं तर विचारूच नका. पाण्यावर पहिल्याच फेकीला रिळावरून वेटोळ्यांचा गुंता उसळला, दुसऱ्या फेकीला त्याची गाठ बसली आणि सगळा तंगूस कापून टाकावा लागला. परत जाऊन दाखवलं तर म्हणे मशीनने भरलंय, बरोबरच असणार. हे ऐकून डोक्यात सणक गेली. मशीन आपलं आपण चालतं का? चाक कुठल्या बाजूने लावायचं ते माणसानेच ठरवायचं असतं.

पाण्याजवळच्या लहानशा आमिषाच्या दुकानात हे काम समोर उभं राहून, एक बोट तंगुसावर दाबून करून देतात. आणि नुसतं तेवढंच नाही. तिथे फ्रिजमध्ये गांडुळं असतात, टाकीत आमिषासाठी जिवंत बारीक मासळ्या असतात, आणि काल कुठल्या वळणावर काय लागलं हे सांगणारं माणूस असतं. नियम सांगणारंही तेच. न्यू हॅम्पशायरमध्ये लहान शिशाची वजनं विकायला बंदी आहे, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये माशांना मारणारा व्हीएचएस विषाणू पसरल्यापासून न्यूयॉर्क राज्यात जिवंत आमिष-मासळीचे नियम कडक झालेत, ती रोगमुक्त असल्याची पावती जवळ बाळगावी लागते. प्रत्येक राज्याचं, कधी कधी प्रत्येक तलावाचं वेगळं. हे सगळं त्या लहान दुकानदाराच्या तोंडावर असतं. साखळीच्या दुकानात मात्र "वेबसाइटवर बघा".

आणि हीच दुकानं या साखळ्या गिळतात. एकदा शहराबाहेर हायवेला तो प्रचंड डोलारा उभा राहिला की रॉड, रीळ, बूट, जाकिटं यांचं गिऱ्हाईक तिकडे वळतं. लहान दुकानाच्या वाट्याला उरतात गांडुळं, आणि नुसत्या गांडुळांवर भाडं निघत नाही. एक-दोन मोसम कसेबसे निघतात, मग शटर खाली. मग आमच्यासारख्यांना गळही नाही, गांडुळंही नाहीत आणि सांगणारं माणूसही नाही.

चीड याची जास्त येते की ही साखळीवाली मंडळी स्वतः अशाच लहान दुकानांतून वर आलीत. बास प्रो शॉप्स १९७२ साली सुरू झालं ते मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, संस्थापक जॉनी मॉरिस यांच्या वडिलांच्या दारूच्या दुकानात, एका कोपऱ्यात. डिक्स स्पोर्टिंग गुड्स १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला आमिष आणि गळांचं दुकान म्हणून उघडलं. कबेलाज १९६१ मध्ये नेब्रास्कातल्या एका घरातून टपालाने कृत्रिम माशा विकत होतं, गळाला बांधतात त्या. एक कोपरा, एक घर आणि पाण्याची जाण असलेली माणसं. एवढं मोठं होऊनही ती जाण प्रत्येक शाखेत एक माणूस म्हणून ठेवता येत नाही? सोफे ठेवायला जागा आहे, याला नाही?

त्यात या साखळ्या नव्या भागात येतात त्या पाहुण्यासारख्या नाही, जावयासारख्या. जमीन द्या, रस्ता करून द्या, करात सूट द्या, सरकारी बाँड काढून पैसा उभारा, मग येऊ. कारण काय, तर दुकान म्हणजे पर्यटनस्थळ, लांबून लांबून लोक येतील. न्यूयॉर्कमधल्या बफेलो शहराचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये तिथल्या जुन्या बंदराच्या भागात बास प्रो येणार अशी घोषणा झाली. सार्वजनिक पैशाची तयारी, आराखडे, बदललेल्या जागा, बैठकांवर बैठका. २०१० मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. सहा वर्षं एका शहराने आपल्या सगळ्यात मोलाच्या काठावर एका दुकानाची वाट पाहिली. ही कसली लाचारी? त्याच पैशातले चार पैसे बोटी पाण्यात सोडायचे उतरते धक्के बांधायला, काठावरचा कचरा काढायला, लहान दुकानांचं भाडं हलकं करायला का नाही जात?

आणि आलेली साखळी टिकेलच असंही नाही. गँडर माउंटनने दुकानांमागून दुकानं उघडली, १६० च्या वर नेली, आणि मार्च २०१७ मध्ये दिवाळं काढलं. कॅम्पिंग वर्ल्डने लिलावात घेतलं तरी बहुतेक दुकानं बंदच झाली. ज्या गावांत तोवर आमिषाची दुकानं संपली होती तिथल्या लोकांनी काय करायचं? बंद पडलेलं लहान दुकान साखळी गेली म्हणून परत उघडत नाही. टाक्या विकल्या जातात, माणूस दुसऱ्या कामाला लागतो.

त्याच २०१७ साली बास प्रोने कबेलाज विकत घेतलं, सुमारे ५ अब्ज डॉलरला. नेब्रास्कातलं सिडनी हे सात हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, त्यातली सुमारे २००० माणसं कबेलाजच्या मुख्यालयात आणि आसपासच्या कामांत होती. सौद्यानंतर कारभार स्प्रिंगफील्डला गेला आणि गावाचा कणाच मोडला. पुढे २०२० मध्ये याच समूहाने स्पोर्ट्समन्स वेअरहाउसही घ्यायचा घाट घातला. मक्तेदारीवर नजर ठेवणारं सरकारी फेडरल ट्रेड कमिशन परवानगी देणार नाही असं दिसल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये तो सौदा मोडला. बरं झालं मोडला. नाहीतर अर्ध्या देशात एकाच मालकाच्या खुंट्या रिकाम्या दिसल्या असत्या.

कोणी म्हणेल, नका जाऊ मग तिथे. कुठे जाऊ? जवळपासची सगळी दुकानं मिटली की उरतं तेच एक. म्हणून नगर परिषदांमध्ये बसलेल्यांना विचारायचंय, करसवलतीच्या कागदावर सही करताना तुम्ही नेमकं काय मागून घेता? किती नोकऱ्या ते विचारता, किती गाड्या येतील ते विचारता. इथल्या पाण्याचं सामान बारा महिने ठेवणार का, जिवंत आमिषाची टाकी लावणार का, इथे मासे पकडलेला एक तरी माणूस पूर्ण वेळ नेमणार का, आणि किती वर्षांच्या आत पळ काढलात तर सवलत परत करणार, हे कोणी विचारतं? लिहून घ्या. लिहून देत नसतील तर जमीन देऊ नका.