स्क्रीनवर तर छान दिसतंय!

कितीदा सांगायचं, मासिकाची जाहिरात व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका! तिथे चित्र आपोआप कॉम्प्रेस होतं. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंटिमीटर भरतं, आणि या जाहिरातदारांनी बुक केलेलं असतं पूर्ण पान. ताणलं की अक्षरांच्या कडा फुटणारच. वर ऐकायचं काय, तर "स्क्रीनवर तर छान दिसतंय!" अहो, स्क्रीन उजेडाची आणि कागद शाईचा. आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातला) तो झगझगीत हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईंत) मरतो, त्याला प्रेसवाला काय करणार?

सगळ्यात डोकं फिरतं ते काळ्या मजकुराने. आरजीबीतला काळा बदलला की तो चारही शाईंत विभागला जातो. मग ६ पॉइंटातल्या अटी-शर्ती चार प्लेटांवर (प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी) चढतात, एखादी प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी किनार. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, एवढंच तर मागणं आहे!

ब्लीडचं, म्हणजे कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून ठेवायच्या जास्तीच्या भागाचं, तेच. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची पार्श्वभूमी हवी असते. हे अख्खी जाहिरातच मोठी करून पाठवतात आणि कडेचा फोन नंबर थेट कटिंगमध्ये जातो.

मापं, फॉरमॅट, सगळं बुकिंगच्याच दिवशी लिहून दिलेलं असतं. उघडूनसुद्धा बघत नाहीत. ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल) मागितली की उत्तर ठरलेलं: "ती डिझायनरकडे आहे, तो सुट्टीवर गेलाय." आणि इथे फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा संच) आज रात्री प्रेसला जायचाय.